मिसेस ऑडलींची किंगफिशर

चौतीस वर्षं मी परगण्याच्या बांधकाम परवाना खात्यात काढली, आणि त्या काळात लोकांना सर्वांत जास्त वेळा ऐकवलेलं वाक्य म्हणजे, "आपल्या अर्जाचा विचार चालू आहे." विचार वगैरे काही चालू नसायचा. अर्ज डाव्या ट्रेमध्ये पडलेला असायचा आणि मी चहा पीत असायचो. पण वाक्य इतकं गुळगुळीत आहे की समोरचा माणूस उलट आभार मानून उठतो. निवृत्त झाल्यावर माणसाचं खातं सुटतं, ट्रे सुटतो, पण जीभ सुटत नाही. जून महिन्यात शेजारच्या मिसेस ऑडलींनी कुंपणावरून मला हाक मारली तेव्हा माझ्या तोंडून तसलंच काहीतरी निघून गेलं, आणि पुढचे तीन महिने मी त्याची फळं भोगली.

मिसेस ऑडली चौऱ्याऐंशी वर्षांच्या. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत.

"डेस्मंड, लेनर्डची गाडी हवी का रे तुला?"

लेनर्ड म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन पाच वर्षं झाली, आणि त्यांची मार्लो किंगफिशर त्याच्याही आधी सहा वर्षं त्यांच्या गुडघ्यांमुळे गराजमध्ये चादरीखाली झोपलेली. १९६२ची, हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची. आमच्या टेमफर्डमध्ये एके काळी त्या गाडीचा आवाज आला की लोक मुलांना आत घ्यायचे. किमतीचं विचारणं आमच्यात असभ्य समजतात, म्हणून मी नुसता घसा खाकरला.

"पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी इन्व्हर्नेसला लेकीकडे जातेय. कायमची. तिथे गराज नाही. फक्त एक अट आहे. जायच्या आधी मला ती एकदा चालवायची आहे. कॉल्डरिज टेकडीवरून. मी स्वतः. एक्केचाळीस वर्षं मी तिच्यात डाव्या बाजूला बसले, थर्मास आणि नकाशा मांडीवर घेऊन. लेनर्डने मला एकदाही हात लावू दिला नाही. म्हणायचा, म्युरिअल, तू क्लच जाळशील."

"हो, हो, तसं आपण नक्कीच बघू," मी म्हणालो. इतक्या गोड आवाजात म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं. मनात म्हटलं, म्हातारं माणूस आहे, शेजारी बसवून एक चक्कर मारून आणली की डोळ्यांत पाणी येईल आणि चालवण्याचं विसरून जाईल.

घरी येऊन रॉझलिंडला सांगितलं. रॉझलिंड माझी पत्नी. निवृत्तीच्या अकरा महिन्यांत मी तिच्या जॅमच्या बाटल्या तीनदा तारखेप्रमाणे लावल्या होत्या, चादरींच्या कपाटाला सूची चिकटवली होती, आणि दिवसातून सहा वेळा "आता काय करू?" असं विचारत होतो. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते सुचत नसे. बायकोला बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," ती म्हणाली.

"अगं, फुकट आहे!"

"म्हणूनच म्हणते. आणि त्या बाईला चालवायला देणार आहेस ना? शब्द दिलास तू."

"बघू म्हणालो."

"डेस, तू बघू म्हणालास की काय होतं ते सगळ्या परगण्याला माहीत आहे."

मी या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं.

पहिली अडचण गाडी त्यांच्या गराजमधून माझ्या अंगणात आणण्याची. अंतर नऊ मीटर. पण लेनर्डनी फार पूर्वी कागदोपत्री लिहून दिलं होतं की ही गाडी आता रस्त्यावर येणार नाही, आणि असं लिहून दिलेल्या गाडीचं चाकसुद्धा सार्वजनिक रस्त्याला टेकता कामा नये असा आमचा कायदा आहे. त्या नऊ मीटरांतले सहा मीटर सार्वजनिक. दुसरा कोणी असता तर इकडेतिकडे बघून ढकलली असती. मी चौतीस वर्षं इतरांना सहा इंचांसाठी भिंती पाडायला लावल्या आहेत, मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी मधलं कुंपण कापलं आणि गाडी हद्दीतून हद्दीत आणली. रॉझलिंडचं अठरा वर्षांचं हायड्रेंजियाचं झुडूप वाटेत होतं. ते राहिलं नाही.

"रस्त्याने नसती आणता आली?" मोडक्या फांद्या उचलत रॉझलिंडने विचारलं.

"कायद्याने नाही."

"झुडपाला कायदा नसतो का?"

मी गाडीवरची चादर काढली. उजव्या सीटच्या स्पंजमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. मी त्यांना आदरपूर्वक बादलीत घालून शेताच्या कडेला सोडून आलो. दुसऱ्या दिवशी ते परत आले असावेत, निदान सीटमधून तसा आवाज येत होता.

समोर ट्रान्टर राहतो. त्याच्याकडे विजेवर चालणारी नवी गाडी आहे. ती आवाज करत नाही, म्हणून तो करतो. हातात चहाचा मग घेऊन तो रोज सकाळी नऊ वाजता माझ्या फाटकाशी उभा राहायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा.

"काय राव, पाने कुठले वापरतोयस?"

ऑफिसने निरोपसमारंभाला दिलेला चौपन्न पान्यांचा संच मी अभिमानाने उघडून दाखवला. चौपन्नातला एकही पाना त्या गाडीच्या एकाही नटाला बसेना. माझे पाने मिलिमीटरचे आणि गाडी इंचाची. नऊ छेद सोळा, अकरा छेद बत्तीस, असले व्यवहारी अपूर्णांक मी शाळा सुटल्यापासून पाहिले नव्हते.

"मी सांगणारच होतो," ट्रान्टर म्हणाला.

मग बॅटरी. हे मात्र सांगितलंच पाहिजे. जगातल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडतात. पण आमच्या त्या काळच्या कारखान्यांनी काही वर्षं धन, म्हणजे लाल टोक बॉडीला जोडायचं ठरवलं होतं. का, ते ठरवणारी माणसं आता हयात नाहीत. मी नवी बॅटरी आणून बसवत होतो तेव्हा मिसेस ऑडली कापलेल्या कुंपणातून आल्या.

"डेस्मंड, लेनर्ड लाल टोक बॉडीला लावायचा."

"हो का? छान, छान," मी म्हणालो, आणि काळं टोक बॉडीला लावलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला बॅटरीतलं काय कळणार?

रेडिओमधून आधी एक बारीक शीळ आली. मग धूर आला. धुराला जुन्या मोज्यांचा वास होता. लेनर्डनी १९६९ साली हौसेने बसवलेला तो रेडिओ त्यानंतर कधी बोलला नाही. मिसेस ऑडली घरी गेल्या आणि येताना ओला टॉवेल घेऊन आल्या.

मी घाबरून किंगफिशर मालक मंडळाच्या आमच्या शाखेचे सचिव मि. स्नीड यांना बोलावलं. स्नीड पूर्वी दातांचे डॉक्टर होते. ते गाडीभोवती दोनदा फिरले, बॉनेट उघडलं, आरसा आत घातला आणि "हं," म्हणाले. तोंड उघडून बसलेल्या माणसाला वाटतं तसं मला वाटलं.

"तेल गळतंय," मी खालचा काळा डाग दाखवत म्हणालो.

"म्हणजे आत आहे," स्नीड म्हणाले. "गळायचं थांबलं की मला फोन करा."

"आणि हा कापडी टप? याला सतरा बटणं आहेत. माझ्याने त्यातली बाराच लागतात."

स्नीडनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये टोपी घातली आहे. "मि. पिलबीम, आपले सभासद टप लावत नाहीत."

"पाऊस आला तर?"

"ताशी चाळीस मैलांच्या वर पाऊस डोक्यावरून जातो."

"आणि पुढे ट्रॅक्टर असला तर?"

"तर भिजायचं," ते म्हणाले. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

जुलैच्या मध्यावर, म्हणजे ट्रान्टरचे एकवीस सल्ले आणि स्नीडच्या चार भेटींनंतर, किंगफिशर सुरू झाली. काय आवाज तो! खिडक्या थरथरल्या. रॉझलिंड बाहेर आली आणि पहिल्यांदाच हसली. कुंपणाच्या भगदाडात मिसेस ऑडली दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा रविवार राहिले, डेस्मंड."

आता फक्त कागद. कागद म्हणजे तर माझं घरचं मैदान, असं मला वाटत होतं. गाडी रस्त्यावर आणायची तर कर खात्यात तिची नोंद हवी. इतक्या जुन्या गाडीला कर शून्य असतो, पण तो शून्य रीतसर भरावा लागतो. शून्य भरायला नोंदणीपुस्तक लागतं. नोंदणीपुस्तक लेनर्डनी बिस्किटाच्या डब्यात ठेवलं होतं. लेनर्डकडे बिस्किटाचे एकतीस डबे होते. मी आणि मिसेस ऑडलींनी तीन दिवस बसून सगळे उघडले. १९५८ सालची शिवणयंत्राची गॅरंटी मिळाली, मांजराचं लसीचं कार्ड मिळालं, इटलीचा नकाशा मिळाला, लेनर्डचे दुधाचे दातही मिळाले. नोंदणीपुस्तक मिळालं नाही. नवीन पुस्तकासाठी मी अर्ज पाठवला. सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकेल, असं फोनवरच्या बाईने सांगितलं.

सहा आठवडे म्हणजे सप्टेंबर. मिसेस ऑडली ऑगस्टमध्ये जाणार.

"आमच्या हातात काही नाही हो," ती बाई अत्यंत नम्रपणे म्हणाली. "अर्ज रांगेत आहे."

मी फोन ठेवला. हे वाक्य एवढं वाईट ऐकू येत असेल याची मला इतक्या वर्षांत कल्पना नव्हती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडी सुटकाही होती. पुस्तक आलं नाही तर मला मिसेस ऑडलींना "नाही" म्हणावं लागणार नव्हतं, कायदाच म्हणणार होता. सकाळी उठून हे रॉझलिंडला बोलून दाखवलं तेव्हा तिने टोस्ट माझ्यासमोरून उचलला आणि म्हणाली, "लाज वाटते का रे तुला थोडी?" वाटली.

वाट ट्रान्टरने दाखवली, हे मला नाइलाजाने नमूद करावं लागतं. "काय राव, एवढी वर्षं नियमांत काढलीस आणि पळवाट माहीत नाही? गाडीच्या वार्षिक तपासणीची वेळ आधी ठरवलेली असेल तर नोंद नसलेली गाडीही तपासणीच्या गराजपर्यंत चालवत नेता येते. कायदाच आहे तसा."

मी कायदा तपासला. माणूस आगाऊ असला तरी बरोबर होता. कुठल्या गराजपर्यंत, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तपासणीचं सर्वांत जवळचं गराज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, तीनशे मीटरवर. पण कॉल्डरिज टेकडीच्या पलीकडे ओल्डकॉट गावात आणखी एक आहे, बारा मैलांवर, आणि तिथे जायला टेकडी ओलांडण्याशिवाय रस्ता नाही. मी रीतसर पत्र टाकून विचारलं की बारा मैल चालतील का. उत्तर आलं की नियमात अंतराचा उल्लेख नाही, वेळ मात्र आधी ठरवलेली असावी. ते पत्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

ओल्डकॉटला फोन केला.

"कुठल्या सालची?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"बासष्ट."

"अहो, मग तपासणी लागतच नाही तिला. एवढ्या जुन्यांना माफ आहे."

"माहीत आहे. पण मला करायची आहे."

"कशाला?"

"गाडी रस्त्यावर आणता यावी म्हणून."

"मग आणा की."

"तपासणी ठरल्याशिवाय आणता येत नाही."

"पण तपासणी लागत नाही."

"म्हणूनच तर ठरवायची आहे."

मग तिने कोणाला तरी हाक मारली, "केनेथ, जरा इकडे ये." शेवटी शुक्रवार मिळाला. ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार, दहा वाजून चाळीस मिनिटं. मिसेस ऑडली जायच्या दोन दिवस आधी.

मधले दोन आठवडे सरावाचे. रस्त्यावर जायची बंदी, त्यामुळे सराव माझ्या अंगणातच. माझं अंगण चौदा मीटर लांब आहे, मी मोजलेलं आहे. चौदा मीटर पुढे, चौदा मीटर मागे. पहिल्या दिवशी लोक येताजाता थांबत. तिसऱ्या दिवशी समोरच्या फुटपाथवर ट्रान्टरने दोन खुर्च्या टाकल्या, एक स्वतःला आणि एक त्याच्या मगाला. मी मान ताठ ठेवून, हात दाखवून, आरशात बघून जात येत होतो. दोनशे फेऱ्या झाल्या. म्हणजे पावणेदोन मैल मी गाडी चालवली आणि घरापासून कुठेही गेलो नाही. दुसऱ्या गिअरच्या वर जायला जागाच नव्हती, त्यामुळे या गाडीला तिसरा आणि चौथा आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

मिसेस ऑडली भगदाडात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मी एक फेरी मारू का?"

"आधी ती नीट तापू दे," मी म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो, ओलं आहे. तिसऱ्यांदा म्हणालो, क्लच जरा नाजूक झालाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कधी विचारलं नाही.

शुक्रवार उजाडला तो रिमझिम घेऊनच. नऊ वाजता मिसेस ऑडली आल्या. डोक्याला स्कार्फ, हातांत तपकिरी चामड्याचे हातमोजे, खांद्यावर पर्स, काखेत थर्मास. त्या गाडीच्या उजव्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथे आधीच बसलो होतो.

"गावाबाहेर पडेपर्यंत मी घेतो," मी म्हणालो. "तिथे रस्ता मोकळा आहे."

त्या फेरी घालून डाव्या बाजूला बसल्या. रॉझलिंड फाटकात उभी होती. तिने मला हात केला नाही, त्यांना केला. आम्ही निघालो, आणि मागे ट्रान्टर आपल्या निःशब्द गाडीत, "काही लागलं तर असावं म्हणून." लागलं तर काय करणार होता देव जाणे.

गाव संपलं. मी थांबलो नाही. पुढे ट्रॅक्टर लागला. ताशी अकरा मैलांनी आम्ही त्याच्या मागे चार मैल गेलो, आणि पाऊस कुठल्याही नियमाला न जुमानता सरळ मांडीवर पडत होता. टप लावूया असं माझ्या मनात तीनदा आलं, पण समोरून एक लाल किंगफिशर आली, त्यातल्या माणसाने दिव्याची उघडझाप केली, तोही नखशिखांत भिजलेला होता, आणि माझी हिंमत झाली नाही. टेकडीच्या पायथ्याशी ट्रॅक्टर वळला. मी गाडी दामटली. अर्धी टेकडी चढलो असू, इंजिन दोनदा उचकी देऊन बंद पडलं.

मी हँडब्रेक ओढला. नऊ वाजून पन्नास मिनिटं.

आमच्याकडे रस्त्यात माणूस पडला तर लोक त्याला संकोच नको म्हणून नजर चुकवून जातात. पण जुन्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की थांबल्याशिवाय पुढे जाणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे. पाच मिनिटांत ट्रान्टर धरून सहा जण जमले. दोन सायकलवाले, दुधाचा टँकरवाला, एक पाद्री, आणि एक गृहस्थ आपला कुत्रा फिरवत होते ते. पाचव्याने कुत्रं बंपरला बांधलं.

"ठिणगी नाही," ट्रान्टर म्हणाला.

"ठिणगी आहे, हवा नाही," टँकरवाला म्हणाला.

"माझ्या भावाची अशीच होती," पाद्री म्हणाले. सगळे त्यांच्याकडे आशेने बघू लागले. "ती त्याने विकली."

प्रत्येकाने आत काहीतरी हलवून बघितलं. प्रत्येकाने आधीच्याने हलवलेलं पूर्ववत केलं. सायकलवाल्यांमध्ये एका नळीवरून वाद झाला आणि ते एकमेकांशी बोलेनासे झाले. माझं कोणीच ऐकत नव्हतं, आणि गाडी माझी! मी दोनदा मोठ्याने खाकरलो. पाऊस चालूच होता. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली. मी मनात हिशेब केला: इथून ओल्डकॉट वीस मिनिटं. वेळ टळली की आमचं रस्त्यावर असणंच बेकायदेशीर, मग टँकरला बांधून घरी, आणि परवा इन्व्हर्नेस. आणि त्या क्षणी मला स्पष्ट कळलं की मला क्लचची काळजी कधी नव्हतीच. तीन महिने माझी बोटं काळी झाली, आणि ते चाक मला दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं. लेनर्डचंही तेच असणार.

मी डाव्या बाजूला बघितलं. मिसेस ऑडली ओल्याचिंब, सरळ बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं हे आम्हा सात पुरुषांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"पंप अडकलाय," त्या म्हणाल्या. "पेट्रोलचा. चढावर अडकतो."

"मग काय करायचं?"

"लेनर्ड किल्ली फिरवायचा आणि मी ठोकायचे."

त्यांनी उजव्या पायातला बूट काढला, सीटच्या मागे वळून हात घातला आणि टाचेने दोन ठोके मारले. "किल्ली फिरव." मी फिरवली. मागून टिक टिक टिक असा आवाज आला, आणि इंजिन एका दमात सुरू झालं. बॉनेटमध्ये डोकं घातलेला टँकरवाला किंचाळला. पाद्री टाळ्या वाजवू लागले. एक्केचाळीस वर्षं ही गाडी निम्मी या बाईने चालवली होती, आणि त्याबद्दल तिला थर्मास धरायला मिळाला होता.

मी दार उघडून खाली उतरलो.

"मिसेस ऑडली, उजवीकडे या."

"खात्री आहे ना तुझी?" त्यांनी बूट घालत विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "लायसन्स आहे ना तुमचं?"

त्यांनी पर्समधून काढून दाखवलं. दर तीन वर्षांनी न चुकता नवं केलेलं. "आणि विमा?" मी विचारलं, कारण काही सवयी मेल्यावरच जातात. जुलैमध्ये मी विम्याचं काढलं होतं तेव्हा त्या "ते झालंय, मी बघितलंय" म्हणाल्या होत्या. त्यांनी घडीचा कागद दिला. लेनर्ड गेल्यापासून विमा त्यांच्याच नावावर होता. पाच वर्षं त्या बंद गराजमधल्या गाडीचा विमा भरत होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, इतर चालक: डी. पिलबीम.

ट्रान्टर पुढे आला. "अरे, या चढावर? हँडब्रेकवरून उचलायची आहे गाडी! काय राव, क्लच जळेल..."

"ट्रान्टर," मी म्हणालो, "कुत्रं सोड बंपरचं."

मी डाव्या सीटवर बसलो. सीट पाण्याने भरली होती. थर्मास मांडीवर घेतला, नकाशा घेतला. मिसेस ऑडलींनी हातमोजे नीट ओढले, आरसा खाली केला, पहिला गिअर टाकला. गाडी थरथरली. वास आला. जळल्याचाच वास होता, खोटं कशाला बोलू. माझ्या जिभेवर लेनर्डचं वाक्य आलं होतं, तयार, पूर्णविरामासकट. मी ते गिळलं आणि थर्मासचं झाकण घट्ट पकडलं. गाडी एक हात मागे घसरली, थबकली, आणि मग टेकडी चढू लागली.

दुसरा. आणि मग त्यांनी हात किंचित आपल्याकडे घेऊन पुढे ढकलला आणि तिसरा गिअर पडला, अगदी लोण्यात सुरी जावी तसा. टेकडीच्या माथ्यावर आम्ही चाळीसच्या वर होतो आणि पाऊस खरंच डोक्यावरून जात होता. चौथा. मी एकदा मिसेस ऑडलींकडे चोरून बघितलं. त्या हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. जुनं काम करणारा माणूस जसा कामाकडे बघतो तशा त्या रस्त्याकडे बघत होत्या. मला मात्र रडू येत होतं. पाऊस होता म्हणून बरं.

उतार संपला. खाली चौरस्ता आहे. डावीकडे ओल्डकॉट, एक मैल. सरळ रस्ता वेल्सला जातो. दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. आम्ही वेळेत होतो, शिक्का मारलेलं पत्र माझ्या खिशात कोरडं होतं, आणि पुढच्या सहा मिनिटांत आम्ही जगातले सर्वांत कायदेशीर लोक ठरणार होतो. मग केनेथ येणार, गाडी वर उचलणार, खालून टॉर्च मारणार, आणि परतीबद्दल पत्रात एक अक्षरही नाही, म्हणजे गाडी ट्रकवरून जाणार. म्हणजे त्यांच्या वाट्याला आयुष्यात एकूण सहा मैल.

वळणाच्या अलीकडे त्यांनी वेग जरासा कमी केला. मोज्यातली बोटं चाकावर हलली.

"नकाशात बघ रे, डेस्मंड. डावीकडे का सरळ?"

पाटी समोर होती. त्यांना दिसत होती. मला दिसत होती.

"सरळ," मी म्हणालो, आणि नकाशा मिटून पायाखाली ठेवला.